सायलेन्सरमधून वाया जाणारी ताकद पकडायला या इंजिनिअरची २० वर्षं गेली, तेव्हा कुठे टर्बो जन्माला आला

जुनी हॅचबॅक, खिशात मोजके पैसे आणि डोक्यात एकच खूळ. गाडीला टर्बो बसवायचा.

गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक तरी गडी असतोच. त्याचं गणित सोपं असतं. सेकंडहँड टर्बो घ्यायचा, ओळखीच्या गॅरेजमध्ये पाइप वेल्ड करून घ्यायचे आणि गाडी पळवायची.

पण ज्या माणसाने टर्बो शोधला त्यालाही सुरुवातीला हे जमलं नव्हतं. तो नामांकित कॉलेजातून शिकलेला इंजिनिअर होता, त्याच्या मागे मोठी कंपनी होती, तरीही कल्पना सुचल्यापासून ती धड चालायला २० वर्षं लागली. त्याचं नाव आल्फ्रेड ब्यूखी.

११ जुलै १८७९ ला स्वित्झर्लंडच्या विंटरथूर शहरात ब्यूखीचा जन्म झाला. विंटरथूर म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथे सुल्झर नावाची मोठी इंजिन कंपनी होती आणि ब्यूखीचे वडील तिथेच वरच्या पदावर होते. योगायोग बघा, त्याच १८७९ साली रुडॉल्फ डिझेल नावाचा तरुण याच सुल्झरमध्ये काम शिकत होता. पुढे त्याच्याच नावाचं इंजिन जगभर गेलं.

थोडक्यात, ब्यूखी यंत्रांच्या आवाजातच वाढला. १८९९ मध्ये त्याने झुरिकच्या पॉलिटेक्निकला प्रवेश घेतला. आज हीच संस्था ईटीएच म्हणून ओळखली जाते. टर्बाइनचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ ऑरेल स्टोडोला तेव्हा तिथे शिकवत होते. १९०३ मध्ये ब्यूखी इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी बेल्जियम, इंग्लंड असा फिरला.

या काळात त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता.

इंजिनात इंधन जळतं तेव्हा त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुरासोबत थेट बाहेर जाते. म्हणजे १०० रुपयांचं इंधन टाकलं तर त्यातले तीसेक रुपये सायलेन्सरमधून हवेत जातात. ब्यूखीला हे पैसे परत हवे होते.

त्याची आयडिया अशी होती. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक ठेवायचं. धुराच्या जोराने ते फिरेल. त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवायचं, जे बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबेल. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येणार आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळणार.

१६ नोव्हेंबर १९०५ ला त्याने या कल्पनेचं पेटंट नोंदवलं. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग काम. तर नाही.

कागदावरची कल्पना आणि फिरणारं यंत्र यांच्यात मोठी दरी होती. १९०९ मध्ये ब्यूखी सुल्झरमध्ये आला आणि प्रयोगांना लागला. १९१५ पर्यंत नमुना तयार झाला, पण त्याचा भरवसा नव्हता. धुराची उष्णता सतत सोसतील असे धातू तेव्हा हाताशी नव्हते. हवा दाबणारे कॉम्प्रेसरही एवढे चांगले नव्हते, त्यामुळे धुरातून मिळवलेली ताकद वाटेतच खर्च व्हायची. ब्राऊन बोव्हेरी या स्विस कंपनीला त्याने सोबत घ्यायचा प्रयत्न केला, पण तेव्हा त्यांनी रस दाखवला नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. ब्यूखीने इंजिनाकडे नव्याने बघायला सुरुवात केली.

त्याच्या लक्षात आलं की फक्त टर्बो चांगला असून भागत नाही. इंजिनाचा धूर एकसारखा वाहत नाही, तो सिलिंडरमागून सिलिंडर धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. सगळ्या सिलिंडरांचे पाइप एकत्र केले तर एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून त्याने सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत वेगळा पाइप दिला. शिवाय हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले. त्यामुळे ताजी हवा उरलेला धूर ढकलून बाहेर काढायची आणि सिलिंडर आतून थंडही व्हायचा.

१९२५ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं आणि इथून चित्र पालटलं.

१९२६ मध्ये ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांत ब्यूखीची पद्धत वापरलेली १० सिलिंडरची डिझेल इंजिनं बसली. १,७५० हॉर्सपॉवरचं इंजिन आता २,५०० हॉर्सपॉवर देऊ लागलं. त्याच सुमारास ब्यूखीने सुल्झर सोडली. आधी रस न दाखवणारी ब्राऊन बोव्हेरी आता त्याच्यासोबत उभी होती. जहाजं, रेल्वे इंजिनं आणि पुढे ट्रक, असा टर्बो पसरत गेला. १९३८ मध्ये ईटीएचने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

२७ ऑक्टोबर १९५९ ला विंटरथूरमध्येच ब्यूखी गेला. शोरूममधून विकली जाणारी टर्बोवाली कार त्याला बघायला मिळाली नाही. ती आली १९६२ मध्ये, अमेरिकेत.

आणि तिथेही ब्यूखीचाच धडा पुन्हा गिरवावा लागला.

ओल्ड्समोबिल जेटफायर ही अमेरिकेच्या हिशोबाने छोटी गाडी. ३.५ लिटरच्या इंजिनातून २१५ हॉर्सपॉवर. पण इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ असा चढा ठेवला होता. आधीच दाबणाऱ्या इंजिनात टर्बोने आणखी दाबलेली हवा आली की पेट्रोल वेळेआधी पेट घेतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय होती. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. अनेकांनी ती भरलीच नाही. मॉडेल दोन वर्षांत बंद पडलं आणि पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवण्यात आला.

कमी पैशांत पहिला टर्बो बसवू पाहणाऱ्यासाठी सगळा प्लॅन याच गोष्टीत आहे. टर्बो हा खर्चातला फक्त एक आकडा असतो. बाकीचा पैसा त्याच्या आजूबाजूला लागतो.

आधी इंजिन किती थकलंय ते बघायचं. सिलिंडरचं कम्प्रेशन तपासून घेणं स्वस्त आहे, फुटलेला पिस्टन महाग. मग जास्त हवेला पुरेल एवढं पेट्रोल देणारे इंजेक्टर आणि पंप. दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोला स्वच्छ ऑइल आणि ते परत खाली उतरायला मोकळी वाट. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं नीट ट्यूनिंग. वाढलेली ताकद पेलणारा क्लच आणि ती थांबवणारे ब्रेक.

बजेट कमी असेल तर कात्री हवेच्या दाबाला लावायची, या यादीला नाही. छोटा टर्बो आणि कमी दाब, म्हणजे पिकअपही लवकर मिळतो आणि इंजिनही टिकतं. भारतात तर आणखी एक पायरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीने ठरवलेल्या गोष्टींत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. त्यामुळे पैसे गुंतवण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्हीकडे विचारून घेतलेलं बरं.

२०१३ मध्ये पुण्याजवळच्या चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय आली, तेव्हा १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा पिकअप बघून लोक चाट पडले होते. त्या गाडीत टर्बो नंतर जोडलेला नव्हता. इंजिन, हवा, इंधन आणि थंडावा, सगळं एकमेकांच्या हिशोबाने बनवलेलं होतं.

ब्यूखीला हेच जुळवायला २० वर्षं लागली. गॅरेजमध्ये ते जुळवायचं असेल तर निदान काही महिने तरी कागद-पेन घेऊन बसावं लागणारच.