मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनलाच सरकारने आरोपी ठरवलं होतं

घाटकोपरहून दादरकडे जाणारी स्लो लोकल पकडा आणि परळला उतरा. तिथून जवळच आचार्य दोंदे मार्गावर एक जुनी, भारदस्त इमारत दिसते. ती हाफकिन इन्स्टिट्यूट. हे नाव आपल्या घरापर्यंतही पोचलेलं आहे. पोलिओ रविवारी बाळाला बूथवर नेऊन जे दोन थेंब पाजले जायचे, ते थेंब बनवणाऱ्यांमध्येही हाफकिनचं नाव होतं.

पण हा हाफकिन होता कोण? आणि ज्याचं नाव सरकारने संस्थेला दिलं, त्याला त्याच सरकारने आधी पदावरून दूर का केलं होतं?

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. गडी हुशार होता, पण ज्यू होता. त्यामुळे तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होण्याची वाट बंद झाली. मग तो आधी जिनिव्हाला आणि तिथून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयात. ते सांभाळून त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो भारतात आला आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लस टोचत फिरला.

इकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासला आणि निदान केलं, हा प्लेग आहे. बघता बघता लोक शहर सोडून पळायला लागले. सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावून घेतलं.

त्याला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये. एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. हाफकिनने मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले, म्हणजे त्या थेंबांना लटकून जंतू खाली वाढायचे. मग उष्णतेने ते मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. १० जानेवारी १८९७ ला त्याने ही लसही आधी स्वतःलाच टोचली, आणि तीसुद्धा नेहमीपेक्षा मोठ्या डोसमध्ये.

पुढचं काम त्याहून महत्त्वाचं होतं. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता. जे कैदी तयार होते त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. दोन्ही गट एकाच तुरुंगात, एकच जेवण जेवत होते. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले. लस उपयोगी आहे हे कुणाच्या शब्दावर न ठेवता हाफकिनने आकड्यांतून दाखवलं.

ही लस जादू नव्हती. टोचल्यावर ताप यायचा, हात सुजायचा आणि संरक्षण काही महिनेच टिकायचं. पण ती घ्यायची की नाही हे माणूस ठरवू शकत होता.

सरकारचा दुसरा मार्ग जबरदस्तीचा होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांत शिरून झडती, रुग्णांना उचलून नेणं, सामानाची जाळपोळ सुरू झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तेव्हा प्रशासनाला माहीतच नव्हतं. लोकांच्या मनात संताप साठला. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या हत्येत झाला.

उलट लसीसाठी हाफकिनला माणसांचं मन वळवावं लागायचं. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली. मग त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि तिथून देशभर लस जाऊ लागली.

सगळं नीट चाललेलं असताना ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला.

पंजाबातलं मुलकोवाल गाव, जे आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती.

चौकशी समिती बसली. हाफकिनने लस बनवताना कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं गेलं. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पद सोडावं लागलं.

पण पुरावे वेगळंच सांगत होते. दोष मुंबईत राहिला असता, तर बंद बाटलीत धनुर्वाताचे जंतू वाढून घाण वास सुटला असता. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. शिवाय बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. म्हणजे घाण शिरली ती मुलकोवालमध्ये.

हे कागदोपत्री होतं, तरी फाइल हलायला वर्षं गेली. शेवटी मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस मैदानात उतरले. १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरला.

तो भारतात परतला, पण परळची खुर्ची भरलेली होती. कलकत्त्यात काम मिळालं, तिथे लसीचे नवे प्रयोग करू दिले गेले नाहीत. काही वर्षांनी त्याने भारत सोडला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं आणि १९३० मध्ये लोझान शहरात तो वारला.

भायखळ्याच्या तुरुंगातले आकडे सरकारला आवडले, म्हणून लगेच वापरले गेले. मुलकोवालचे पुरावे अडचणीचे होते, म्हणून ते पाच वर्षं पडून राहिले. लसीने कुणाचं नुकसान झालं तर चौकशी व्हायलाच हवी, कारण १९ घरांना उत्तर मिळायला हवं होतं. पण ती चौकशी आधी माणूस पकडून झाली, तर खरी चूक तशीच राहते आणि पुढच्या गावात पुन्हा घडू शकते.

पुढच्या वेळी परळवरून जाताना त्या इमारतीकडे बघाल, तेव्हा एका खाली पडलेल्या चिमट्याची ही गोष्ट आठवा.