घोंगडीची घडी

चितेगावाहून लोक खुलताबादेला जातात ते बहुधा नवसापोटी. मला तिथे आठवते बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची घोंगडी. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. म्हातारपणी अंग दुखे म्हणून घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसत. गुरूंच्या कानी गेले, की यांनी आपली वेगळी गादीच मांडली! गुरूंनी दर्शन बंद केले. बँकेत खुर्चीवरून झालेले रुसवेफुगवे मी पुष्कळ पाहिले. इथे तर घोंगडीच होती. अखेर अमीर खुसरो गळ्यात पगडी अडकवून अपराध्यासारखे गुरूंपुढे उभे राहिले, तेव्हा क्षमा मिळाली, असे चरित्रकार मीर खुर्द यांनी लिहून ठेवले आहे.

सूफींच्या लेखी गैब, म्हणजे न दिसणारे जग, आणि माणूस यांच्यामध्ये पडदा असतो तो ‘मी’पणाचा. पुढे दौलताबादेत आलेले बुऱ्हाणुद्दीन १३३७ साली वारले. समा ऐकताना ते ज्या ढबीने डोलत, त्या ढबीने डोलणाऱ्यांना बुऱ्हाणी म्हणत.