हिप्पोचा म्हातारा बिशप

आजचं वाचन : इब्री लोकांस पत्र १३:१४

पृथ्वीवरचं कुठलंच शहर आपला शेवटचा पत्ता नाही, असा या वचनाचा अर्थ. वाचायला सोपं, पण पचायला जड. आज सकाळी ते वाचताना मला संत ऑगस्टीन आठवले आणि त्यांचं हिप्पो शहर.

हिप्पो रेजियस म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जुनं रोमन बंदर. आज तिथे अल्जीरियातलं अन्नाबा आहे. इथून धान्य भरलेली जहाजं रोमकडे जायची.

ऑगस्टीन मूळचे इथले नव्हेत. त्यांचा जन्म ३५४ साली थागास्तेचा. हुशार, महत्त्वाकांक्षी मुलगा. कार्थेज, रोम, मग मिलान, अशी एकेक पायरी चढत गेले. मिलानमध्ये वक्तृत्वाचे शिक्षक झाले. करिअर अगदी सेट! पण मन मात्र अस्वस्थ. आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. ३८६ साली एका बागेत पौलाचं पत्र उघडलं आणि त्यांचं आयुष्य वळलं. पुढच्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका देवाघरी गेली.

ऑगस्टीनना आता फक्त शांतपणा हवा होता. गावी परत जायचं, चार मित्रांसोबत प्रार्थना आणि अभ्यास करायचा, बस्स. जिथे बिशपची जागा रिकामी असेल त्या गावात ते पाऊलच टाकत नसत, कारण लोक धरून बिशप करतील ही भीती. हिप्पोत बिशप व्हॅलेरियस होते, म्हणून ३९१ साली ते तिथे निर्धास्त गेले. पण झालं उलटंच! मंडळीने त्यांना भर चर्चमध्ये धरलं आणि धर्मगुरू करा म्हणून पुढे केलं. ऑगस्टीन ढसाढसा रडले. पाचेक वर्षांत ते बिशपही झाले.

मग जवळजवळ ३५ वर्षं ते त्याच शहरात राहिले. प्रवचनं, लोकांच्या भांडणांचे निवाडे, मंडळीतली फूट, गरिबांची सोय. कैद्यांना सोडवायला पैसे कमी पडले तर चर्चची चांदीची भांडीसुद्धा वितळवली. त्यातूनच वेळ काढून पुस्तकं लिहिली. ४१० साली रोम लुटलं गेलं आणि निर्वासित आफ्रिकेत येऊ लागले. लोक विचारू लागले, देव कुठे होता? त्या प्रश्नाला उत्तर देताना ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ तयार झाला. त्याला तेरा-चौदा वर्षं लागली.

आणि मग त्यांचीच परीक्षा आली. ४३० साली व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टीन पंचाहत्तरीचे, तापाने फणफणलेले. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून घेतली. पडल्यापडल्या ती वाचायची आणि रडायचं. भेटणारे लोक बंद केले, फक्त वैद्य आणि जेवण आणणारे तेवढे आत येत. इतका मोठा विद्वान, पण शेवटी हातात काय? एका पाप्याची प्रार्थना. २८ ऑगस्टला ते गेले. वेढा चालूच होता.

मृत्युपत्र केलंच नाही, कारण मागे ठेवायला काही नव्हतंच. पुढे शहर ओस पडलं, जाळलं गेलं. त्यांची पुस्तकं मात्र वाचली.

खरं सांगू? मला इथे अडखळायला होतं. आयुष्य ज्या शहराला दिलं, तेच डोळ्यांसमोर बुडताना बघायचं? मग प्रार्थना कुठे गेली? मला वाटतं, ऑगस्टीन यांनी हिप्पोवर प्रेम केलं, पण हिप्पोला देव मानलं नाही. म्हणून शहर हातातून निसटत असतानाही त्यांनी प्रभूचा हात सोडला नाही.

आपणही काहीतरी उभारतोय. नोकरी, घर, नाती, एखादी सेवा. मनापासून उभारूया. पण आज एक मिनिट थांबून स्वतःला विचारूया : हे उद्या गेलं, तर माझ्याजवळ कोण उरेल?

प्रभू येशू, तू दिलेल्या शहरात मला विश्वासूपणे राहू दे आणि माझं खरं घर तुझ्याजवळ आहे, हे विसरू देऊ नकोस. आमेन.