पातळ थरातील रंग : चंद्रशेखर वेंकट रामन

साबणाच्या फुग्यावर खेळणारे रंग सर्वांनीच पाहिलेले असतात. परंतु त्यांचे कारण शोधण्यात आयुष्य घालवणारे विरळाच. चंद्रशेखर वेंकट रामन हे असे एक शास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, प्रकाशाविषयीचा त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मात्र त्या काळी भारतात केवळ संशोधनावर चरितार्थ चालणे कठीण होते. म्हणून १९०७ मध्ये ते सरकारच्या वित्त विभागात रुजू झाले. १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. रायपूरही त्याच प्रांतात होते. तेथे कचेरीचे काम सांभाळून त्यांनी राहत्या घरीच प्रयोग चालू ठेवले. पुढे १९१७ मध्ये अधिक वेतनाची सरकारी नोकरी सोडून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारले.

पातळ थरांमुळे दिसणारे रंग हा त्यांच्या आवडीचा विषय होता. साबणाच्या पडद्याच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित होतो. या दोन लहरी एकत्र आल्या की काही रंग उजळतात, काही लोपतात. यालाच प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात. तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून उभे धरले, तर रायपूरच्या कोणत्याही वर्गात ते पाहता येते. पाणी खाली ओघळून पडदा वर पातळ व खाली जाड होतो आणि आडवे रंगीत पट्टे उमटतात. फुटण्यापूर्वी पडद्याचा वरचा भाग काळा दिसतो. पुढच्या पृष्ठभागावर परावर्तित होताना लहर उलटते, मागच्या पृष्ठभागावर उलटत नाही. त्यामुळे अतिशय पातळ थरात दोन्ही लहरी एकमेकींना नाहीशा करतात. असेच रंग रामन यांनी शिंपल्यांत, पक्ष्यांच्या पिसांत व जुन्या काचेत अभ्यासले.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ मध्ये त्यांनी बंगळूरला संशोधनसंस्था स्थापन केली. तेथे त्यांनी जमवलेली खनिजे, शिंपले व फुलपाखरे ते विद्यार्थ्यांना हौसेने दाखवीत. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

महागडी उपकरणे नसली तरी निसर्गाला प्रश्न विचारता येतो, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.