ठसेकार मॉर्गन आणि त्यांचा डॉलर

अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरांपैकी संग्राहकांचे विशेष प्रेम लाभलेले नाणे ‘मॉर्गन डॉलर’ या नावाने ओळखले जाते. ते घडविणारे जॉर्ज टी. मॉर्गन मात्र आयुष्याची चार दशके दुय्यम पदावरच राहिले.

बर्मिंगहॅम येथे १८४५ साली जन्मलेल्या मॉर्गन यांनी इंग्लंडमधील नामांकित वायन घराण्याच्या हाताखाली ठसे कोरण्याची विद्या आत्मसात केली. १८७६ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत रुजू झाले. तेथे मुख्य ठसेकार होते विल्यम बार्बर, आणि साहाय्यक होते त्यांचेच पुत्र चार्ल्स. १८७९ मध्ये विल्यम निवर्तल्यावर पद चार्ल्स यांच्याकडे गेले. मॉर्गन यांना ते १९१७ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी मिळाले.

त्यांचा डॉलर जन्मला तो राजकारणातून. सरकारने दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत, असा कायदा १८७८ मध्ये झाला. मॉर्गन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासाठी ॲना विल्यम्स या फिलाडेल्फियातील शिक्षिकेचा चेहरा निवडला. नाण्याच्या दोन्ही बाजूंस आपल्या आडनावाचे आद्याक्षरही बारीक कोरले. परंतु एवढी जड नाणी खिशात बाळगण्याची हौस फारशी कोणाला नव्हती. कोट्यवधी डॉलर थैल्यांत भरून तळघरांत पडून राहिले आणि १९०४ मध्ये काम थांबले.

१९१८ च्या पिटमन कायद्यान्वये यांतील सुमारे २७ कोटी नाणी वितळविण्यात आली. त्या चांदीचा मोठा भाग ब्रिटिशांनी हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी आणला. अमेरिकेत १९२१ मध्ये डॉलर पुन्हा पाडण्याची वेळ आली, तेव्हा मूळ साचे उरले नव्हते. पंचाहत्तरीच्या मॉर्गन यांनी ते नव्याने सिद्ध केले. ४ जानेवारी १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

तळघरांतील उपेक्षाच पुढे या नाण्याच्या पथ्यावर पडली. १९६० च्या दशकारंभी थैल्या बाहेर आल्या, तेव्हा अनेक नाणी कोरी करकरीत निघाली. आज त्यांची प्रत १ ते ७० अंकांच्या श्रेणीने ठरते. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली होती. देवतेच्या कानावरील केस आणि गरुडाची छाती झिजली की अंक घसरतो. चलनात न आलेल्या नाण्याला ६० पासून पुढचे अंक मिळतात. तेथे थैलीत एकमेकांवर आपटून गालावर पडलेले ओरखडे मोजले जातात. दुर्मीळ सालाच्या नाण्यात एका अंकाने किंमत कित्येक पटींनी बदलते.

ज्या बारकाव्यांकडे त्या काळच्या गिऱ्हाइकाने ढुंकून पाहिले नाही, तेच आज नाण्याचे मोल ठरवितात. मॉर्गन यांच्या हयातीत मुख्य ठसेकाराची खुर्ची दीर्घकाळ दुसऱ्याची राहिली. डॉलरवर नाव मात्र त्यांचेच राहिले.