क्रिकेटमहर्षी प्रा. देवधर

संस्कृत भाषेचे अध्यापन आणि क्रिकेटचा खेळ ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून फार दूरची. परंतु पुण्यातील एका प्राध्यापकांच्या जीवनात या दोहोंचा सुरेख संगम झाला होता. वर्गात ते विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवीत आणि मैदानावर उतरले म्हणजे भल्याभल्या गोलंदाजांना नामोहरम करीत. हे प्राध्यापक म्हणजे दिनकर बळवंत देवधर होत.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. १९११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये प्रवेश केला. त्या काळी मुंबईतील मोठे सामने धर्मवार संघांमध्ये होत असत. देवधर हिंदूंच्या संघातून खेळत. क्रिकेट हे तेव्हा उपजीविकेचे साधन नव्हते. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. पण खेळासाठी त्यांनी अध्यापन सोडले नाही, की अध्यापनासाठी खेळ सोडला नाही.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. हा इंग्लंडचा बलाढ्य संघ हिंदुस्थानात आला. हिंदुस्थानला तेव्हा कसोटी सामने खेळण्याचा अधिकार मिळालेला नव्हता. आपले खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड आहेत काय, याविषयी अनेकांना शंका वाटे. मुंबईच्या जिमखान्यावर झालेल्या सामन्यात देवधरांनी अखिल हिंदुस्थानच्या संघातर्फे १४८ धावा काढून या शंकेला चोख उत्तर दिले. पुढे दोनच वर्षांनी, १९२८ साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि कसोटी सामन्यांची वाट मोकळी झाली.

परंतु ज्या वाटेसाठी देवधर झटले, त्या वाटेवर पाऊल टाकण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९३२ साली हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला. देवधरांचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते. वय अधिक झाले, या विचाराने त्यांना वगळण्यात आले. एखादा सामान्य खेळाडू या आघाताने खचून गेला असता व त्याने बॅट कायमची खाली ठेवली असती. देवधरांनी तसे केले नाही. आपले वय मोजणाऱ्यांना त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही. ते आपल्या खेळाने दिले.

पुढे महाराष्ट्र संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. या संघात विजय हजारे, रंगा सोहोनी यांच्यासारखे तरुण होते. वयाने त्यांच्याहून कितीतरी मोठा असलेला हा कर्णधार त्यांच्यासमवेत मैदानावर धावे व आपल्या उदाहरणाने त्यांना शिकवी. १९३९-४० च्या हंगामात हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडक स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. त्याच वर्षी महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

पुढील हंगामात पुण्याच्या मैदानावर मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर रचला. त्यांत एकट्या देवधरांच्या धावा २४६ होत्या! मुंबईनेही हार न मानता ६५० धावांपर्यंत मजल मारली. अवघ्या २५ धावांच्या आघाडीने महाराष्ट्राचा विजय झाला. कर्णधाराची ती खेळी झाली नसती, तर निकाल खचितच उलटा लागला असता. त्या वेळी देवधर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. महाराष्ट्राने त्याही वर्षी करंडक आपल्याकडेच राखला. पुढे १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतके झळकावली. पहिल्या डावात त्यांनी १०५ धावा काढल्या व दुसऱ्या डावात १४१.

खेळातून निवृत्त झाल्यावरही क्रिकेटशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. राष्ट्रीय निवड समितीवर त्यांनी काम केले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. वयामुळे एकदा डावलला गेलेला हा खेळाडू आता नव्या खेळाडूंची पारख करू लागला. १९५१ साली त्यांचे जुने सहकारी विजय हजारे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ साली मद्रास येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला.

भारत सरकारने देवधरांना १९६५ साली पद्मश्री व १९९१ साली पद्मभूषण हे किताब देऊन गौरविले. १९७३ साली सुरू झालेल्या विभागीय संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला देवधर करंडक हे नाव देण्यात आले. १९९२ साली त्यांनी आयुष्याचे शतक पूर्ण केले आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

देवधरांच्या नावावर एकही अधिकृत कसोटी सामना नाही. तरीही भारतीय क्रिकेटच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. मान मिळाला तरच खेळावे, असे त्यांनी कधी मानले नाही. खेळ त्यांना प्रिय होता, म्हणून ते खेळत राहिले. आणि मान आपणहून त्यांच्याकडे चालत आला.