एक भ्रूण सोडायचा की दोन? या प्रश्नामागे कोलकात्याच्या एका डॉक्टरची गोष्ट आहे

शेगाव, खामगावकडचं एखादं जोडपं टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसाठी अकोल्याला नाहीतर नागपूरला जातं. तपासण्या होतात, इंजेक्शनं होतात, चार-पाच भ्रूण तयार होतात. मग प्रश्न येतो, गर्भाशयात किती सोडायचे? घरच्यांचं गणित सोपं असतं. एवढा पैसा घातलाय तर दोन-तीन सोडा, जुळं झालं तर एकाच खर्चात काम भागलं.

डॉक्टर मात्र हल्ली, बाईचं वय कमी आणि भ्रूण चांगला असेल, तर एकच सोडू म्हणतात. जुळ्या-तिळ्यांत मुदतीआधी बाळंतपण, कमी वजनाची बाळं, आईला रक्तदाब हे धोके वाढतात. वय जास्त असेल किंवा आधी अपयश आलं असेल, तर दोनचा विचार होतो. उरलेले भ्रूण गोठवून ठेवतात आणि गरज पडली तर पुढच्या वेळी वापरतात.

हे गोठवणं ज्यांनी सगळ्यांच्या आधी जमवलं, ते शेगाव स्टेशनवरून जाणाऱ्या हावडा लाईनच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय.

जन्म 16 जानेवारी 1931, हजारीबागचा. कोलकात्यात डॉक्टर झाले, तिथेच पीएच.डी. केली, मग 1967 मध्ये एडिनबरातून दुसरी पीएच.डी. घेऊन परत आले. विषय एकच, प्रजनन आणि हार्मोन्स.

25 जुलै 1978 ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. तिच्या वेळी किती भ्रूण सोडायचे हा प्रश्नच नव्हता, कारण आईच्या नैसर्गिक पाळीत मिळालेलं एकच स्त्रीबीज हाताशी होतं.

मुखोपाध्यायांचा रस्ता वेगळा होता. त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी जास्त स्त्रीबीजं मिळवली. पण इंजेक्शनांच्या त्या महिन्यात गर्भाशय भ्रूण धरायला तितकंसं तयार नसतं. म्हणून त्यांनी घाई केली नाही. सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसोबत भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये 53 दिवस गोठवले आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडले. आज जवळपास प्रत्येक मोठ्या सेंटरमध्ये चालतं ते हेच.

3 ऑक्टोबर 1978 ला मुलगी झाली. पूजेचे दिवस, म्हणून नाव पडलं दुर्गा. लुईसनंतर फक्त 70 दिवसांनी!

कौतुक झालं नाही. त्याच नोव्हेंबरात राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. या विषयातलं काम केलेलं त्यात कुणी नव्हतं, आणि त्या समितीने दावा खोटा ठरवला. मुलीच्या घरच्यांना समाजाची भीती, त्यामुळे तेही पुढे येईनात. जपानला जाऊन काम मांडायचं आमंत्रण होतं, परवानगी मिळाली नाही. मग बदल्या. 1981 च्या जूनमध्ये तर हार्मोन्सच्या या तज्ज्ञाला डोळ्यांच्या संस्थेत पाठवलं. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. वय 50.

गोठवलेल्या भ्रूणातून झालेलं मूल म्हणून जगाने नाव नोंदवलं ते 1984 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या बाळाचं.

भारतात 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली आणि देशाची पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. 1997 मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने तपासल्या आणि ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिला मान मुखोपाध्यायांचा असल्याचं जाहीर केलं. म्हणजे स्वतःच्याच नावावरचा विक्रम स्वतः खोडला. असं किती जण करतील?

दुर्गा आपल्या पंचविशीत स्वतःहून लोकांसमोर आली. तोवर मुखोपाध्यायांना जाऊन 22 वर्षं झाली होती.